दांडगे सरांनी पास केलेला सिनेमा

दांडगे सर सिनेमाला गेले की पडद्याकडं पाठ करून बसत.

हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं आधी माझ्याकडं नीट बघितलं आणि मग विचारलं, की त्यांना मानेचं काही दुखणं होतं का. नव्हतं. मान उत्तम होती. गारखेड्यातल्या आमच्या शाळेत पर्यवेक्षकाच्या खुर्चीवर ती मान सकाळच्या प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत ताठ असायची, आणि ती कुठल्या वर्गाकडं वळेल या काळजीत बाकी सगळ्यांच्या माना खाली असायच्या. पडद्याकडं पाठ हा त्यांच्या कामाचा भाग होता. शाळेतल्या पोरांना कोणता सिनेमा दाखवावा आणि कोणता दाखवू नये, हे ठरवायचं काम त्यांच्याकडं होतं. सिनेमा बघून सिनेमा कळतो, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"पडद्यावर काय, त्यांना दाखवायचं तेच दाखवणार," ते म्हणत. "खरं काय ते समोर बसलेल्याच्या तोंडावर दिसतं, मिसाळ."

मिसाळ म्हणजे मी. मराठी शिकवतो, आणि शाळेत जिथं जिथं चूक होण्यासारखी जागा असेल तिथं वेळेवर हजर असतो. आमच्याकडं सहामाही परीक्षा झाली की पोरांना सिनेमाला न्यायची पद्धत आहे. शहागंजच्या बाजूला एक जुनं एकपडदा थिएटर आहे, तिथं सकाळचा खेळ शाळेसाठी राखून घेतात. एका वर्षी सिनेमा निवडायचं काम माझ्याकडं आलं. मी भाषेचा माणूस, त्यामुळं नाव बघून निवडला. नावात कळी होती, फूल होतं. मला वाटलं बालचित्रपट असेल, निदान निसर्गावरचा तरी. मध्यंतराच्या बऱ्याच आधी मुख्याध्यापिका चव्हाण बाई आठवीच्या मुलींना रांगेनं बाहेर घेऊन आल्या. मुलं मात्र आत राहिली होती. त्यांना बाहेर काढायला बाईंना पुन्हा आत जावं लागलं, आणि त्या परत आल्या तेव्हा माझ्याशी बोलायच्या मनःस्थितीत नव्हत्या. मी दारात चणे-फुटाणे घेऊन उभा होतो.

त्यानंतर शाळेत समिती स्थापन झाली. आपल्याकडं एका माणसानं चूक केली की पुढची चूक चारजण मिळून करतात. समितीत चव्हाण बाई होत्या, पालक प्रतिनिधी म्हणून बनकर ताई होत्या, मी होतो, कारण मला अनुभव होता, आणि प्रत्यक्ष निकाल द्यायला दांडगे सर होते.

सर मूळचे देवगाव रंगारीचे. रविवारी आपल्या आल्याच्या शेतावर, सोमवारी शाळेत. पायात कायम कापडी बूट, मागं हात बांधलेले, ऊन असलं की मानेमागं कॉलरच्या आत चौपदरी रुमाल. पण सरांची खरी ओळख म्हणजे त्यांचं नाक. सर वर्गात येण्याआधी नाक यायचं. दारात ते थांबत, हनुवटी वर करत, डोळे मिटत आणि सावकाश, लांबलचक हुंगत. मग डोळे उघडून ते बरोबर एका बाकाकडं चालत जात आणि हात पुढं करत. "काढ."

पोरगं दप्तरातून पेरू काढायचं, चिंच काढायचं, पेपरात बांधलेली भेळ काढायचं. सर त्यातलं चिमूटभर खात, डोक्यानं हो किंवा नाही अशी खूण करत आणि उरलेलं जप्त करत. एकदा मी स्वतः खिशात भजी घेऊन त्यांच्या मागून स्टाफरूममध्ये शिरलो. त्यांनी वळून न बघता हात मागं केला. मी ठेवली. मी तेव्हा चाळिशीचा होतो, दोन लेकरांचा बाप होतो.

एकदा चहा पिताना त्यांनी मला हे नाक उलगडून सांगितलं होतं. भेळ पकडण्यात त्यांना काही रस नव्हता. "पोरगं घाबरलं पाहिजे, मिसाळ. शाळा धाकावर चालते. पोरं एकदा का मास्तरच्या तोंडावर हसली, की मास्तर संपला. मग तो नुसता पगार घेणारा माणूस." आणि मग त्यांनी तरुणपणी कन्नड तालुक्यातल्या एका शाळेत बघितलेल्या मास्तरांची गोष्ट सांगितली. चांगला गृहस्थ, कविता म्हणताना एका चढ्या ओळीला त्यांची कवळी निसटून पहिल्या बाकावर पडली. वर्ग हसला. मास्तरांनी कवळी उचलली, धुतली, लावली. पण दुसऱ्या दिवशी ते वर्गात शिरले की पोरं पहिल्या बाकाकडं बघायची. महिनाभरात ते रजेवर गेले ते परत आलेच नाहीत.

ही गोष्ट सांगताना सरांचा हात नकळत स्वतःच्या तोंडाकडं गेला. त्यांचे दात स्वतःचे होते. तरीही गेला.

तर असा हा माणूस सिनेमे तपासायचा. शुक्रवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघं जायचो. कामाची वाटणी ठरलेली होती: मी पडदा बघायचा, त्यांनी प्रेक्षक. थिएटरचे मॅनेजर युसुफभाई त्यांना एक प्लास्टिकची खुर्ची द्यायचे. ती पडद्याखाली कोपऱ्यात लोकांकडं तोंड करून मांडायची आणि पडद्याचा उजेड लोकांच्या चेहऱ्यावर पडेल तसतसं सर ते वाचत जायचे. सुरुवातीला युसुफभाईंना वाटलं, माणसाला चक्कर आलीय. पुढं त्यांची तक्रार वेगळी होती.

"सर, तुम सामने बैठे तो मेरी बाल्कनी खाली हो जाती ना," ते एकदा काकुळतीला येऊन म्हणाले. "पब्लिक को लगता, किसी का बाप आया."

ते खरं होतं. मागच्या रांगेतली कॉलेजची जोडपी सरांची नजर पडली की एकेक करून उठून जायची. सरांच्या मते ही सिनेमाची पहिली चाचणी होती. जोडपी थांबली तर सिनेमा चांगला.

हसण्याबद्दल त्यांचं शास्त्र पक्कं होतं. वाईट हसू पोरगं हाताआड करतं, आणि त्याआधी इकडं-तिकडं बघून घेतं. चांगलं हसू तोंड उघडं टाकतं आणि शेजारच्याच्या पाठीत गुद्दा घालतं. सिनेमाला सर्टिफिकेट आहे, असं मी एकदा म्हणून बघितलं. "सर्टिफिकेट देणारे मुंबईत बसतात," सर म्हणाले. "त्यांला आपली आठवी ब ठाऊक हाय का?"

निकाल तीन प्रकारचे असत: 'चालंल', 'नाय' आणि 'झाकून चालंल'. हा तिसरा निकाल शाळेच्या सभागृहात प्रोजेक्टरवर दाखवायच्या सिनेमांसाठी होता. एका जुन्या कौटुंबिक सिनेमात नायिका विहिरीवर केस धुते, असा प्रसंग होता. सर ऐनवेळी परीक्षेचं पॅड घेऊन प्रोजेक्टरसमोर उभे राहिले. भिंतीवर एक भलामोठा काळा चौकोन आला, त्याला चार बोटं होती. मागून पाण्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, बासरी. नववीची मुलं त्या चौकोनाकडं ज्या एकाग्रतेनं बघत होती, तशी एकाग्रता मला व्याकरणाच्या तासाला कधी मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गानं तो प्रसंग मोबाइलवर शोधून बघितला. दुसऱ्या दिवशी पोरं खिन्न होती. तिनं खरंच नुसते केस धुतले होते.

मी हे सरांना सांगितलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "म्हंजे बघा, झाकलं की पोरं स्वतःहून अभ्यास करतात. तुमचे धडे पण झाकून बघा."

बनकर ताईंची कसोटी मात्र उलटी होती. त्यांना हाणामारी चालायची, किंबहुना हवी असायची. एका लढायांच्या सिनेमात पडद्यावर इतकी डोकी उडाली की युसुफभाईंनी खारे शेंगदाणे विकणं थांबवलं. लोकांना गिळवत नव्हतं. ताई डोळे पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मुलांना प्रेरणा मिळेल. ती मिळाली. पुढचा आठवडाभर पाचवीतली मुलं लाकडी पट्ट्यांनी लढत होती आणि आमच्या प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस संपला. त्याच ताईंनी दुसऱ्या एका सिनेमाला हरकत घेतली, कारण त्यात एक मुलगा एका मुलीच्या डब्यातली पोळी खातो. पोळी खाणं ठीक, पण ती अर्धी तोडून देते, हे ताईंना खटकलं होतं. ताईंचा मुलगा दिवसभर ताईंच्याच मोबाइलवर काय काय बघतो, हे आम्हाला त्याच्या निबंधांतून कळत असे. पण समितीपुढं तो विषय नव्हता.

मग तो सिनेमा आला.

शाळेवरचाच सिनेमा होता, विनोदी. गावाकडची शाळा, चार उनाड पोरं, परीक्षा, आणि कॉपीच्या चिठ्ठ्या दुपारच्या खिचडीच्या पातेल्यात लपवायची त्यांची योजना. शेवटी तपासणीला आलेल्या साहेबांच्या ताटात भूमितीचं प्रमेय निघतं. शहरातली सगळी पोरं त्याबद्दल बोलत होती. बनकर ताईंनी सिनेमा न बघताच सांगितलं, की हा कॉपी करायला शिकवतो.

"आपल्या पोरांला?" सर म्हणाले. "ताई, सिनेमातली पोरं त्यांच्यापुढं लई कच्ची असतील."

तरी रीत म्हणून शुक्रवारी आम्ही गेलो. सर खुर्चीवर, पाठ पडद्याकडं. मी तिसऱ्या रांगेत. सिनेमा बरा चालला होता. मध्यंतराच्या जरा आधी परीक्षेच्या वर्गाचं दार दिसलं. संगीत थांबलं. दारात एक शिक्षक येऊन उभा राहिला. पायात कापडी बूट. मागं हात. कॉलरमध्ये चौपदरी रुमाल. त्यानं हनुवटी वर केली, डोळे मिटले, आणि सावकाश, लांबलचक हुंगलं.

थिएटर फुटलं. मी तर खुर्चीतून घसरलो. हसता हसता माझं लक्ष पडद्याखाली गेलं, तिथं तेच नाक, बूट आणि रुमाल खुर्चीत बसून माझ्याकडं टक लावून बघत होते, आणि माझ्या हसण्याचा ठसका झाला. सिनेमा लिहिणाऱ्यानं आमच्या शाळेत कधी पाऊल ठेवलं नसणार. कुठल्या तरी तालुक्यात दुसरं तसंच नाक असेल. पण आमच्या पोरांना ते कोण पटवून देणार?

खेळ संपल्यावर बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर सरांनी चौकशी सुरू केली.

"एका ठिकाणी आवाज नव्हता, तरी लोक लई हसले. तिथं काय होतं?"

"तिथं एक शिक्षक वर्गात येतात, सर."

"आन काय करतात?"

"येतात."

"नुसतं येतात? वर्गात येण्यात हसण्यासारखं काय हाय?"

मी म्हणालो, अभिनय चांगला आहे. सरांनी ग्लास संपवला, मिशा पुसल्या. तिथं सांगायला हवं होतं. सर, हा सिनेमा पोरांना दाखवला तर तुमचं कठीण आहे, एवढंच वाक्य. मराठीचा शिक्षक आहे मी, वाक्य अवघड नव्हतं. पण पर्यवेक्षकाला त्याच्या नाकाबद्दल सांगायचं कसं, हे मला कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलेलं नव्हतं. मी दुसरा ग्लास मागवला.

"हसू निर्मळ होतं," सर म्हणाले. "गुद्दे चालले होते. तुम्ही पण घसरलात. चालंल."

ठरल्या दिवशी आठवी ते दहावीची मुलं थिएटरात बसली. पाचवी ते सातवीला पुढच्या आठवड्यात आणायचं होतं. सर नेहमीप्रमाणं पडद्याखाली, पोरांकडं तोंड करून. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत दारापाशी बसलो. ते दार दिसलं, संगीत थांबलं, आणि कापडी बूट आले. क्षणभर कोणाचाच विश्वास बसला नाही. मग आठवी ब मधून कोणी तरी फिसकन हसलं आणि पाठोपाठ सगळं थिएटर. मुली एकमेकींच्या पाठीत गुद्दे घालत, मुलं समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात आपटत. मात्र त्यांतलं कोणीच पडद्याकडं बघत नव्हतं. सगळी खाली, खुर्चीकडं बघत होती. वर एक नाक आणि खाली एक नाक, पोरांना दोन्ही एकाच वेळी दिसत होती.

सर चेहरे वाचत होते. इतकी वर्षं वाचत आले होते, त्यामुळं त्यांना कळायला वेळ लागला नाही की हे हसू पडद्यावर जाऊन पडत नाहीये. त्यांनी स्वतःचा शर्ट चाचपला. बूट बघितले. आणि मग ते खुर्चीत बसल्या बसल्या सावकाश मागं वळले.

पडद्यावर ते नाक तेव्हा बैलगाडीएवढं होतं.

तो प्रसंग संपेपर्यंत ते तसेच वळून बघत राहिले. संपल्यावरही पुन्हा पोरांकडं वळले नाहीत. खुर्ची फिरवून त्यांनी राहिलेला सिनेमा पडद्याच्या पायाशी बसून, मान वर करून बघितला. मला वाटतं, नोकरीत त्यांनी पूर्ण बघितलेला अर्धा सिनेमा तो एवढाच.

मुलं बसमध्ये चढत होती तेव्हा ते माझ्याजवळ आले.

"तुम्ही बघितलं होतं."

"हो, सर."

"सांगितलं का नाय?"

"हिंमत झाली नाही."

"म्हंजे माझा धाक आता फक्त तुमच्यावर राहिला," असं म्हणून ते बसच्या पुढच्या दाराकडं गेले. आत गलका चालला होता. ते चढताच तो थांबला, आणि मग दाबून ठेवलेला एक फुस्स असा आवाज मागून आला.

दुसऱ्या दिवशी सर आठवी ब च्या दारात आले. सगळा वर्ग ओठ मिटून वाट बघत होता. सर न थांबता आत गेले, हजेरी घेतली आणि बाहेर आले. त्या दिवशी त्यांनी हुंगलं नाही. त्यानंतरही नाही. पोरांना हे कळायला एक मधली सुट्टी पुरली. मग शाळेत भेळीचं राज्य आलं. भूगोलाच्या तासाला उकडलेली बोरं, इतिहासाला मिरची-भजी. माझ्या वर्गात तर एकानं भेळीवर पिळायला लिंबू मागितलं, आणि मी आजूबाजूला बघून खिशातलं दिलं. सर वऱ्हांड्यातून जाताना रुमाल नाकाला लावून जात. सर्दी झाली म्हणत. सर्दी झालेली नव्हती. शिपायाच्या चहातलं आलं ते फाटकापाशी मोटारसायकलवरून उतरतानाच अजून ओळखत, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. मला ती कन्नडकडच्या मास्तरांची रजा आठवू लागली होती.

त्यात पाचवी ते सातवीला न्यायचा दिवस जवळ आला आणि बाईंनी समिती बोलावली. बनकर ताई तयारीनं आल्या होत्या. पालकांच्या ग्रुपवर म्हणे चर्चा पेटली होती: सिनेमा शिक्षकांचा अपमान करतो. कॉपीचा विषय आता कोणाच्या लक्षातही नव्हता. चव्हाण बाई चांगल्या मनाच्या. त्यांना सरांना वाचवायचं होतं. अडचण अशी की कशापासून वाचवायचं ते कोणीच उच्चारत नव्हतं.

"एका विशिष्ट पात्राच्या..." बाई म्हणाल्या.

"विशिष्ट सवयीची..." ताई म्हणाल्या.

"अवयवाची," मी मदत केली, आणि टेबलाखाली बाईंचा पाय माझ्या पायावर पडला.

मग बाईंनी सरळ सांगितलं, की सर, पहिल्या तुकडीनं बघितला ते जाऊ द्या. तुम्ही निकाल बदलून 'नाय' द्या, आम्ही सगळे सह्या करतो. दुसरा एखादा दाखवू. लढायांचा आहे एक नवीन. ताईंचे डोळे लगेच पाणावले.

सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर पाचवीची पोरं मैदानात होती. मधोमध एक पोरगा मागं हात बांधून, हनुवटी वर करून उभा होता आणि बाकीची लोळत होती. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं आणि कोणीच बघितलं नाही असं केलं.

"पाचवीला ठाऊक हाय सगळं," सर म्हणाले. "आता नाय म्हटलं तर पोरं काय म्हणतील? दांडग्या घाबरला. व्हय का नाय?"

'दांडग्या' हा शब्द शाळेत सगळ्यांना माहीत होता. तो सरांना माहीत आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं.

"तसं नाही सर," ताई म्हणाल्या, "पण लहान मुलांवर परिणाम..."

"ताई, मी समोरून बघितलंय. तुमच्यापैकी कोणी नाय बघितलं. आख्खी आठवी ब माझ्याकडं बघून हसत होती. माझी मान खाली गेली, ते खरं. पण हात एकाच्याही तोंडावर नव्हता. एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होती. ते हसू मी दुसऱ्या कोणावर बघितलं असतं तर काय निकाल दिला असता?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "चालंल."

"मग माझ्यावर हाय म्हणून नाय कसं म्हणू?" सर म्हणाले. "चालंल. न झाकता."

आणि मग जरा दुखावल्या आवाजात, "फक्त त्या नटाचं हुंगणं चुकतंय. तो तोंड उघडं ठेवतो. तोंड उघडं ठेवून भेळ सापडत नाय."

सर निवृत्त झाले त्याला आता बरेच दिवस झाले. देवगाव रंगारीला असतात, फोन उचलत नाहीत, उचलला तर आल्याचा भाव सांगून ठेवून देतात. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना शाल घातली, नारळ दिला, मी भाषण केलं आणि ते फसलं. त्या दिवसाचा त्यांचा चेहरा मला आठवत नाही. आठवतो तो त्या दुसऱ्या खेळाचा.

त्या सकाळी त्यांनी पडद्याखालच्या खुर्चीवर मला बसवलं. म्हणाले, मला आज पडदा बघायचाय, तुम्ही तोंडं बघा. आणि स्वतः जाऊन पाचवीच्या बरोबर मधोमध बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंची पोरं इतकी आक्रसली की त्यांच्या खुर्च्या रिकाम्या वाटत होत्या. मी पडद्याकडं पाठ करून बसलो. पहिल्यांदाच तसा बसलो होतो, आणि अंधारात एवढी तोंडं आपल्याकडं रोखलेली बघून मी शर्टाची बटणं तपासली. हा माणूस इतकी वर्षं इथं कसा बसला, हे मला तेव्हाही कळलं नाही.

संगीत थांबलं. मी ओळखलं. समोरच्या सगळ्या चेहऱ्यांवर एकदम उजेड आला, आणि तोंडं उघडण्याऐवजी सगळ्यांचे हात तोंडावर गेले. एकूणएक पोरं पडदा सोडून मधल्या खुर्चीकडं बघू लागली. कोणी हसत नव्हतं. काहींचे डोळे भरून आले होते, गाल फुगले होते, एकीनं शेजारणीचा दंड गच्च धरला होता. सरांच्या शास्त्राप्रमाणं हे सगळ्यात वाईट हसू होतं, आणि ते शंभर टक्के त्यांच्यामुळं होतं. अजून थोडा वेळ ते तसंच राहिलं असतं, तर मला 'नाय' असा निकाल द्यावा लागला असता.

सर पडद्याकडं बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि प्रार्थनेनंतर 'बसा' म्हणताना करत तशी हातानं खूण केली.

"हसा," ते म्हणाले.

पोरांना आधी खरं वाटलं नाही.

"हसा म्हटलं ना."

मग जे झालं त्याचा आवाज बाहेर शेंगदाणेवाल्यापर्यंत गेला असणार. युसुफभाई दार उघडून आत डोकावले. पोरं खुर्च्यांवरून खाली आली होती, एकमेकांच्या अंगावर पडत होती, बनकर ताईंचा मुलगा पोट धरून मधल्या वाटेत बसला होता. आणि त्या सगळ्या धुमाकुळात दांडगे सर ताठ मानेनं बसले होते. ते स्वतः हसत नव्हते. हनुवटी जरा वर करून त्यांची नजर एकेका रांगेतून फिरत होती, आज्ञा देऊनही कोण हसत नाहीये ते शोधत होती.

माझ्या पाठीमागं काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं. तरी ती नजर पहिल्या रांगेपर्यंत येण्याआधीच मी हसायला लागलो.